बास्केटबॉलचं करिअर आणि चामराजपेटेतल्या घराचं बजेट

मुलगा किंवा मुलगी बाराव्या वर्षी बास्केटबॉलला लागली आणि बावीसपर्यंत नेटाने खेळत राहिली, तर बंगळूरच्या चामराजपेटेतल्या मध्यमवर्गीय घराचे साधारण साडेतेरा लाख रुपये त्यात जातात. यात शाळा-कॉलेजची फी धरलेली नाही, ट्यूशन धरलेली नाही आणि गुडघ्याचं ऑपरेशनही धरलेलं नाही. आकडा ऐकून दचकू नका. तो अकरा वर्षांत विभागलेला असतो आणि त्यातला निम्मा खर्च खाण्यावर होतो. मुलगा खेळत नसता तरी त्याला जेवायला घातलंच असतं.

खरा प्रश्न असतो तो हे पैसे परत कोणत्या वाटेने येतात याचा. बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची लीग असते: लिलाव, करार, जर्सीवर नाव. भारतात बास्केटबॉल खेळून पोट भरणाऱ्या साध्या खेळाडूचं उत्पन्न तिथून येत नाही. म्हणजे ज्याचं नाव पेपरात येत नाही, जो या संघातून त्या संघात आणि या गावाहून त्या गावाला खेळत फिरतो, त्याचं. त्याचं घर चालतं ते रेल्वेच्या, बँकेच्या, लष्कराच्या किंवा एखाद्या सार्वजनिक कंपनीच्या पगारावर. लीगचे पैसे म्हणजे वरकड. हा क्रम मनात पक्का असेल तर पुढचा हिशेब जमतो, आणि उलटा असेल तर घर कर्जात जातं.

खाली दिलेले दर मोघम आहेत. दुकानागणिक, क्लबागणिक फरक पडेल. त्यांचा उपयोग घासाघीस करण्यापुरता, पावती म्हणून दाखवायला नाही.

बारा ते सोळा: वर्षाला नव्वद हजार

चामराजपेट जुनं. १८९२ च्या सुमाराला आखलेलं, सरळ रस्त्यांचं, कन्नड साहित्य परिषदेचं आणि रामनवमीच्या संगीत महोत्सवाचं. इथे गाण्याला मंडप मिळतो, क्रिकेटला मैदान मिळतं. बास्केटबॉलला मात्र बाहेर पडावं लागतं. पेठेत एखाद्या शाळेचं कोर्ट मिळालं तर नशीब समजा, पण रोज संध्याकाळी दोन तास रिंगखाली मोकळी जागा आणि डोक्यावर दिवा हवा असेल तर बसवनगुडी, जयनगर किंवा कंठीरवा स्टेडियमकडेच जावं लागतं. मेट्रोची हिरवी लाइन के. आर. मार्केट आणि नॅशनल कॉलेजवरून जाते. कंठीरवाला जायचं तर मॅजेस्टिकला उतरून जांभळी लाइन घ्यायची आणि कब्बन पार्कला उतरायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचं भाडं वाढलं आणि आता ते १० पासून ९० रुपयांपर्यंत आहे. रोज जाऊन-येऊन मेट्रो परवडत नाही, म्हणून मुलासाठी बसचा विद्यार्थी पास काढा. मुलीचा प्रवास फुकट होतो: जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकचा पत्ता असलेल्या मुलींना आणि बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. वर्षाला दहा हजार प्रवासखर्च धरला आहे तो मुलाचा, मुलीचा त्याच्या निम्माही होणार नाही.

क्लब की अ‍ॅकॅडमी, हा पहिला निर्णय. बंगळूरचा बास्केटबॉल जुन्या क्लबांनी वाढवला. बीगल्स, यंग ओरियन्स, माउंट्स क्लब, विमानपुरा ही नावं राज्याच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं दिसतात. क्लबाची फी महिन्याला हजार ते पंधराशेच्या आत बसते. अ‍ॅकॅडमी अडीच ते चार हजार घेते. तिथे टी-शर्ट मिळतो, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतात, लॉबीत पालकांना बसायला खुर्च्या असतात. माझं मत क्लबाच्या बाजूने आहे. क्लबात तेरा वर्षांच्या पोराला एकोणीस वर्षांच्या दादाचं कोपर खावं लागतं आणि तिथेच खेळ येतो. शिवाय राज्य संघटनेच्या साखळीत क्लबच उतरतात, म्हणजे निवड समितीच्या नजरेसमोर पोरगं तिथूनच येतं. अ‍ॅकॅडमीत नाव घालायचं असेल तर एकच विचारा: गेल्या वर्षी तुमची किती मुलं जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या निवड चाचणीला उतरली? उत्तर गोलमोल आलं तर चौकशी करून उठा. वर्षाची फी एकरकमी भरू नका, तीन महिन्यांची भरा.

बुटांवर कंजुषी करू नका आणि मिरवणूकही काढू नका. बंगळूरची बहुतेक कोर्टं सिमेंटची. सिमेंटवर रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाच्या बुटाचा तळ अंगठ्याखाली तीन-चार महिन्यांत गुळगुळीत होतो. बूट उलटा करून त्या जागी बोट फिरवा. खाच लागली नाही तर बूट बदला, वरून कितीही नवा दिसत असला तरी. घसरलेला घोटा आठ आठवडे घरी बसवतो. निव्हियाचे किंवा डिकॅथलॉनचे टारमॅक दोन ते चार हजारांत येतात, या वयात ते पुरतात. वर्षाला तीन जोड म्हणजे नऊ हजार. दहा-बारा हजारांचा नायकेचा एक जोड घेऊन तो वर्षभर ओढण्यापेक्षा हे बरं. बॉल रबरी घ्या, आठशे-हजाराचा. सिमेंटवर मोल्टनचा चामड्यासारख्या आवरणाचा चार-सहा हजारांचा बॉल एका मोसमात सोलून निघतो. तो इनडोअरचा बॉल आहे. बॉल आणि कपडे मिळून चार हजार.

मोठा खर्च खाण्याचा. वाढत्या वयात रोज तीन-चार अंडी, जादा अर्धा लिटर दूध, केळी, आठवड्यातून दोन-तीन वेळा चिकन किंवा त्या तोडीचं पनीर-डाळ, याचे महिन्याला वरचे तीन हजार होतात, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. स्पर्धांचा प्रवास, प्रवेश फी, बाहेरचं जेवण दहा हजार. घोट्याचा पट्टा, टेप, डॉक्टर सहा हजार. क्लबाची फी पंधरा हजारांपर्यंत धरली की बेरीज नव्वद हजारांवर येते. पाच वर्षांचे साडेचार लाख.

मेपासून ऑक्टोबरपर्यंत बंगळुरात संध्याकाळी पाऊस येतो आणि उघड्या कोर्टावरचा सराव बुडतो. काही पालक मिळून इनडोअर कोर्ट तासाने घेतात. तासाला आठशे ते दोन हजार पडतात, दहा मुलांत वाटले तर जड जात नाही.

सतरा ते बावीस: वर्षाला दीड लाख

या वयात शरीर मोठ्या माणसाचं होतं आणि खर्चही. खाणं साडेपाच हजारांवर जातं, म्हणजे वर्षाला सहासष्ट हजार. जिम अठरा हजार, फिजिओ दहा हजार, चार जोड बूट वीस हजार, निवड चाचण्या आणि स्पर्धांचा प्रवास वीस हजार, पूरक आहार पंधरा हजार. सहा वर्षांचे नऊ लाख.

हा भार हलका करायच्या तीन सरळ वाटा आहेत आणि तिन्ही सोळाव्या वर्षीच बघायच्या असतात. पहिली, कर्नाटक सरकारच्या युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याची वसतिगृहं. विद्यानगर, म्हैसूर इथली ‘डीवायईएस’ची नावं तुम्ही स्पर्धांच्या निकालांत वाचली असतील. राहणं, जेवण, सराव खात्याकडून. दुसरी, खेलो इंडिया. निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपये मंजूर असतात, पैकी १.२० लाख, म्हणजे महिन्याला दहा हजार, खेळाडूला हातखर्चासाठी मिळतात. बाकीचे प्रशिक्षण, निवास, स्पर्धा यांवर संस्थेमार्फत जातात. पालक कधीकधी समजतात की सहा लाख खात्यात पडणार. तसं नाही.

तिसरी वाट कॉलेज, आणि ती चामराजपेटेच्या दारातच आहे. बंगळूरची खासगी विद्यापीठं चांगल्या खेळाडूला फीमाफी देतात. जैन विद्यापीठाने २०२२ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरवली आणि पदकतालिकेत पहिला क्रमांकही मिळवला. तो फुकट मिळत नाही, खेळाडूंवर पैसा ओतावा लागतो. फीमाफी मागताना ती किती वर्षांची, हजेरीची अट काय आणि दुखापत झाली तर चालू राहील का, हे तिन्ही पत्रावर लिहून घ्या. ‘बघू, सर सांभाळून घेतील’ हे पत्र नव्हे. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या प्रवेशात खेळाडूंचा वेगळा कोटा असतो. त्याची प्रमाणपत्रं ठरल्या तारखेलाच मल्लेश्वरमला दाखवावी लागतात.

पूरक आहाराबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. दोन किलो व्हे प्रोटीनचा चांगला डबा पाच-सात हजारांचा येतो. स्वस्तातला डबा, जिममधल्या ट्रेनरने ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणून दिलेली पुडी, वजन उतरवायची गोळी, यातलं काहीही घरात येऊ देऊ नका. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरलेला सतनाम सिंग डिसेंबर २०२० मध्ये नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, कारवाईत दोन वर्षांसाठी बाहेर गेला. चाचणीत सापडलेला पदार्थ होता हायजेनामाइन, आणि तो काही पूरक आहारांत असतो. एवढ्या उंचीवरच्या खेळाडूची ही गत, तर पंचविसाव्या वर्षाआधी नोकरी शोधणाऱ्या तुमच्या पोराची दोन वर्षं गेली की सगळं गेलं. सर्दीची गोळी घेतानाही डॉक्टरला ‘हा चाचणी होणारा खेळाडू आहे’ असं आधी सांगायचं.

गुडघा

साडेतेरा लाखांच्या बाहेर अडीच ते तीन लाख वेगळे ठेवा. बास्केटबॉलमध्ये उडी मारून एका पायावर उतरताना गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटतो. बंगळूरच्या खासगी इस्पितळात त्याच्या ऑपरेशनला दीड ते साडेतीन लाख लागतात. नंतर सहा ते नऊ महिने फिजिओ, एका बैठकीला पाचशे ते हजार. जयनगरजवळची संजय गांधी इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स ही सरकारी संस्था आहे, खर्च पुष्कळ कमी. तिथे नंबर लागायला वेळ जाईल, पण शस्त्रक्रियेची घाई रुग्णापेक्षा प्रशिक्षकालाच जास्त असते, हेही लक्षात ठेवा.

विमा घेताना एक ओळ शोधा. बऱ्याच अपघात आणि आरोग्य पॉलिसींत व्यावसायिक खेळात झालेली दुखापत वगळलेली असते. मुलगा कॉलेजकडून खेळतो तोवर तो हौशी. लीगशी करार केला की व्यावसायिक. त्याच पॉलिसीवर तेव्हा विसंबू नका, एजंटकडून ‘स्पर्धेतली दुखापत धरली आहे’ असं लेखी घ्या.

परतावा: नोकरी

रेल्वेची खेळाडू भरती हा या धंद्यातला सगळ्यात मोठा दरवाजा. पातळी २ आणि ३ च्या जागांवर मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १९,९०० आणि २१,७०० रुपये. महागाई भत्ता, बंगळूरसारख्या शहरातला घरभाडे भत्ता धरून चाळीस हजारांच्या आसपास जातो. पातळी ४ आणि ५ ला मूळ २५,५०० आणि २९,२००, पण तिथे अपेक्षित कामगिरी बरीच वरची. अर्जाची फी ५०० रुपये, चाचणीला हजर राहिलात तर ४०० परत. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना २५० आणि चाचणीला गेल्यावर पूर्ण परत. या देशात खेळाडूकडून घेतलेली फी परत करणारी जागा मला दुसरी सापडलेली नाही.

निवड होते कशी? चाचणीला ४० गुण: खेळ, तंदुरुस्ती, प्रशिक्षकांचं निरीक्षण. यात २५ च्या खाली आलात तर तिथेच थांबता. वर पोचलात तर कामगिरीला ५० आणि शिक्षणाला १० गुण. म्हणजे चाचणीच्या दिवशी पोरगा कितीही चमकला तरी निम्मे गुण त्याच्या फायलीत असतात. फायलीतही नुसतं ‘कर्नाटक संघात होता’ चालत नाही, राष्ट्रीय स्पर्धेत संघ कितवा आला तेही मोजतात. शिवाय कामगिरी ताजी लागते, मागच्या दोन-तीन वर्षांतली. सतराव्या वर्षी मिळवलेलं ज्युनियर राष्ट्रीय प्रमाणपत्र बाविसाव्या वर्षी भिंतीवर लावायला छान. त्यामुळे डिग्री संपायची वाट न बघता अठरा पूर्ण झाल्याबरोबर अर्ज करायला लागा, शिक्षण मागून पुरं करता येतं.

बँकांचा दरवाजा पूर्वी इथे मोठा होता. विजया बँकेचं मुख्यालय बंगळुरात, तिचा बास्केटबॉल संघ देशात नावाजलेला. १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. त्याच्या दोन वर्षं आधी स्टेट बँक ऑफ म्हैसूर स्टेट बँकेत गेली होती. दोन बँका गेल्या म्हणजे खेळाडूंना नोकरी देणारी दोन टेबलं कमी झाली, हे पालकांना कुणी मोजून सांगत नाही. चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, ओएनजीसी, लष्कराच्या बंगळूरमधल्या एमईजी आणि एएससी केंद्रांचे संघ, इन्कम टॅक्स ही पुढची नावं. ओएनजीसीसारख्या ठिकाणी कायम नोकरीआधी काही वर्षांचं मानधन देतात. तेही घ्या.

मुलीच्या बाबतीत हा हिशेब मुलापेक्षा चांगला जमतो, असं माझं स्पष्ट मत आहे. महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा दबदबा आहे आणि रेल्वेला खेळाडू लागतात. स्पर्धा कमी, कारण अठराव्या वर्षी बहुतेक घरांत मुलीचं खेळणं बंद केलं जातं. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. जुलै २०१७ मध्ये इथे कंठीरवात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाच्या वरच्या गटात गेलेल्या संघात ती होती. तो सामना बघायला चामराजपेटेतून चार किलोमीटर जावं लागत होतं.

आता खास आपल्या मंडळींसाठी. नगरथपेठेत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायात असलेली खानापूर-आटपाडीकडची घरं, गवीपुरमच्या गोसावी मठाभोवतीचे मराठे, नोकरीनिमित्त आलेले पुणेकर, यांच्याकडे एक विचार नेहमी निघतो: ‘गावाकडे महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, तर पोराला तिकडून खेळवू.’ आरक्षणाला महाराष्ट्राचा अधिवास लागतो, म्हणजे पंधरा वर्षांचं वास्तव्य. वाढीव गुण महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना. मुलगा जन्मापासून बंगळुरात, शाळा इथली, आधारवर पत्ता इथला, तर तो कर्नाटकाचा खेळाडू. दोन्ही दगडांवर पाय ठेवून एका वर्षी इकडून आणि पुढच्या वर्षी तिकडून खेळवलंत तर दोन्ही संघटनांच्या वादात त्याचा मोसम जाईल. केंद्राच्या आणि रेल्वेच्या नोकरीला तो कोणत्या राज्याकडून खेळला याने फरक पडत नाही.

लीग आली तर

२०१५ मध्ये यूबीए लीग सुरू झाली. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स, बंगळूर बीस्ट असे संघ होते. २०१७ नंतर तिचा मोसम झाला नाही. २०१८ मध्ये तीन-तीन खेळाडूंची थ्रीबीएल आली. २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या छत्राखाली आयएनबीएल आली, तिच्यात बंगळूर किंग्ज आणि मुंबई टायटन्स. म्हणजे लीग येतात, काही महिने चालतात, कधी थांबतात. त्या पैशावर घराचा हप्ता बांधू नका.

करार हातात आला की चार गोष्टी बघा. पैसे मोसमाचे की सामन्याचे, आणि हप्ते कोणत्या तारखेला. पहिल्या आठवड्यात दुखापत झाली तर उरलेल्या पैशाचं काय, आणि उपचार कोण करणार. दहा टक्के टीडीएस कापला जाईल, तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का. आणि लीगला भारतीय बास्केटबॉल महासंघाची मान्यता आहे का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मान्यता नसलेल्या लीगमध्ये खेळून राष्ट्रीय स्पर्धेची दारं बंद झाली तर नोकरीसाठी लागणारं प्रमाणपत्रही जातं. नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र आधी, करारावर सही नंतर.

लीग नसेल त्या महिन्यांत फिरते खेळाडू अखिल भारतीय निमंत्रित स्पर्धांवर काढतात. कोइम्बतूरची पीएसजी ट्रॉफी, माटुंग्याच्या डॉन बॉस्कोतली सॅव्हिओ कप ही त्यातली प्रतिष्ठेची. तिथे प्रवासभाडं, राहणं, जेवण मिळतं, जिंकलं तर बक्षिसाचा वाटा. हातात फार उरत नाही. पण नोकरी देणाऱ्या संघांचे प्रशिक्षक कट्ट्यावर बसलेले असतात, म्हणून जायचं.

परदेश

इथे पैसा बुडतो तो स्वप्नात नाही, दलालीत. अमृतपाल सिंग टोकियो एक्सलन्सकडून खेळला आणि पुढे २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडे गेला. अमज्योत सिंग टोकियोहून ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला, ती एनबीएची दुय्यम जी-लीग. त्याच सुमाराला विशेष भृगुवंशीला अ‍ॅडलेड ३६र्सने बोलावलं. सतनाम टेक्सस लेजंड्स, मग कॅनडातला सेंट जॉन्स एज. त्याआधी केरळची गीतू अ‍ॅना जोस २००६ पासून मेलबर्नच्या रिंगवुडकडून खेळली आणि २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीएच्या चाचण्या दिल्या. यातलं कुणीही ‘फॉरिन एक्स्पोजर कॅम्प’ची फी भरून गेलेलं नाही. त्यांना त्यांच्या खेळावरून बोलावणं आलं. आणि गीतूची दक्षिण रेल्वेतली, विशेषची ओएनजीसीतली नोकरी त्यांच्या मागे उभी होती, म्हणून परत येऊन त्यांना पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

जी-लीगचा मोसमाचा पगार २०१७-१८ मध्ये १९ ते २६ हजार डॉलर होता, २०२३-२४ मध्ये ४०,५०० डॉलर. राहायची सोय आणि आरोग्य विमा संघाकडून. आजच्या भावाने साधारण पस्तीस लाख रुपये, त्यातून अमेरिकेचा कर. वाईट नाही, पण ते पाच महिन्यांचं काम आहे आणि पुढच्या वर्षीचं आश्वासन कुणी देत नाही.

म्हणून नियम साधा: खेळाडूला न्यायचा खर्च संघ करतो. जो तुमच्याकडून दीड-दोन लाख आधी मागतो आणि थायलंडच्या किंवा युरोपच्या क्लबात ‘ट्रायल लावून देतो’ म्हणतो, तो एजंट नव्हे, ट्रॅव्हल कंपनी. एजंटकडे फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, परवाना असतो, त्याचं नाव फिबाच्या यादीत तपासता येतं आणि त्याचा मोबदला पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंत, पगार मिळाल्यावर. परदेशी संघाकडे जाताना आपल्या महासंघाचं क्लिअरन्स पत्र लागतं. त्याचा अर्ज नवा क्लब त्याच्या देशाच्या महासंघामार्फत करतो. तुमचा खर्च पासपोर्टचा: साधा १,५००, तत्काळ ३,५००, आणि लालबाग रोडचं केंद्र चामराजपेटेला जवळचं.

करारात ‘वाद बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्यूनलकडे जाईल’ हे कलम आहे का बघा. जिनिव्हातला हा लवाद २००७ मध्ये सुरू झाला तो पगार बुडवणाऱ्या क्लबांसाठीच. पण त्याची नुसती दाखल फी किमान १,५०० युरो, म्हणजे दीड लाखाच्या आसपास, आणि ती परत मिळत नाही. दोन महिन्यांचा थकलेला पगार तीन हजार डॉलर असेल तर लवादात जाणं परवडत नाही. म्हणून निदान एक महिन्याचा पगार आगाऊ घेऊनच विमानात बसावं.

फाईल

घरातल्या पत्र्याच्या कपाटात एक जाड फाईल ठेवा. तिच्यात जन्मानंतर लगेच नोंदवलेला जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी. मराठी घरांत आडनावाचा घोळ हमखास होतो: कन्नड शाळेत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावलेलं, आधारवर पूर्ण आडनाव. नववीत असतानाच दुरुस्त करून घ्या, नोकरीच्या वेळी प्रतिज्ञापत्रांवर पैसे जातील आणि वेळही. वयचोरी पकडायला मनगटाचा एक्स-रे काढतात. म्हणून कोणी ‘दोन वर्षं कमी लावू’ म्हटलं तर त्या प्रशिक्षकाकडे पुन्हा जाऊ नका. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाची यादी, निकालपत्रक, त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवा. संघटनेचे सचिव बदलतात आणि पाच वर्षांपूर्वीची यादी मग कुणाकडे सापडत नाही.

खेळ थांबल्यावर पतियाळाच्या एनआयएसचा प्रशिक्षक पदविका कोर्स, पंचांची परीक्षा किंवा बी.पी.एड. हे पुढचे मार्ग. शाळेत प्रशिक्षक म्हणून बंगळुरात वीस ते पस्तीस हजार मिळतात.

अकरावीच्या सुट्टीत एकदा बसून ठरवा: राज्याच्या संघात जागा मिळालेली आहे की नाही? मिळाली असेल तर पुढचे नऊ लाख घालायला हरकत नाही. नसेल तर क्लब सोडू नका, पण खर्च निम्म्यावर आणा, फिजिओ-जिमची मासिक बिलं थांबवा आणि डिग्रीकडे लक्ष द्या. मिळाली असेल त्यांनी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळीच्या भरती कक्षाची खेळाडू जाहिरात दर वर्षी बघावी. इतर विभागांच्याही बघाव्यात, अर्ज कुठूनही करता येतो. वयाची अट १८ ते २५ आहे आणि तिच्यात कुणालाही सवलत नाही.